समजा, पृथ्वी नाही

आमच्या कंपनीत घाबरण्यासाठी नेमलेला एकच माणूस होता, आणि बिराजदारांनी ते काम मनापासून केलं. बाकीचे आम्ही फुकट घाबरायचो. कुणी साहेबाला, कुणी ऑडिटला, कुणी गिऱ्हाइकाच्या फोनला. बिराजदार घाबरायचे ते छताला, वायरीला आणि जमिनीला. कागदावर त्यांचा हुद्दा सेफ्टी सुपरवायझर असा होता. त्यांना जाऊन या दिवाळीला दोन वर्षं होतील. अजूनही मी नव्या खोलीत शिरले की आधी दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघते. ही त्यांचीच देणगी, असं मी म्हणते. माझा नवरा म्हणतो, देणगी कसली, रोग आहे तो.

कंपनी भोसरी एमआयडीसीत, गिअर बनवणारी. मी तिथल्या मोजमापाच्या खोलीत. तयार झालेला गिअर ड्रॉइंगप्रमाणे आहे की नाही ते सांगायचं आणि लोकांचे शिव्याशाप घ्यायचे, हे माझं काम. फिजिक्स घेऊन बीएस्सी झाल्याचा तेवढाच उपयोग. बिराजदार दिवसातून दोनदा माझं काचेचं दार ढकलून आत डोकवायचे. ‘मॅडम, काय करलालाव?’ म्हणायचे. लातूर सोडून पंचवीस वर्षं झाली तरी बोलणं तिकडचंच राहिलं होतं. उंच, सडपातळ माणूस, पण खांदे कायम वर उचललेले. वरून काहीतरी येणार आणि मानेवर बसणार, अशा बेतानं चालायचे. शर्टाच्या खिशात पेन नसलं तरी शिट्टी असायचीच.

त्यांची एक सवय होती. कुठल्याही वस्तूकडे बोट दाखवून म्हणायचे, ‘समजा, हे नाई. मग?’ क्रेनचा हूक, जिन्याचा कठडा, मशिनचं झाकण, काहीही. समोरच्यानं उत्तर द्यायचंच. उत्तर आलं नाही तर काम सुरू होत नसे. नवीन माणसाला हा छळ वाटायचा. दोन महिन्यांनी तोच माणूस घरी गॅसच्या शेगडीकडे बघून ‘समजा, हे नाही’ म्हणू लागायचा.

पोपट लांडे नावाचे आमचे जुने टर्नर, भोसरी गावचेच, ते एकटे बिराजदारांची टिंगल करू धजायचे. एकदा ऐन चहाच्या वेळी म्हणाले, ‘आरं बिराजदार, सगळ्यांचं ईचारतो. समजा, तूच न्हाईस. मग?’ सगळे हसले. बिराजदारही हसले, पण त्यांच्या कपातला चहा बशीत सांडला. ते मी पाहिलं, आणि त्याचा अर्थ कळायला मला वर्ष लागलं.

महिन्यातून एकदा मॉक ड्रिल व्हायचं. बिराजदार शिट्टी वाजवायचे, आम्ही हातातलं टाकून फाटकाजवळच्या लिंबाखाली जमायचं, आणि ते एकेक नाव घेऊन हजेरी घ्यायचे. एकदा मी बाथरूममध्ये होते. म्हटलं, खोटीच तर आग आहे, होऊ दे. सावकाश केस विंचरून बाहेर आले तर बिराजदार रिकाम्या मशीन शॉपमध्ये माझं नाव घेऊन ओरडत धावत होते. मला पाहिल्यावर रागावले नाहीत. एका मशिनला धरून खालीच बसले. ‘मॅडम, असं करत जाऊ नका,’ एवढंच म्हणाले. मी एका माणसाला खरोखर किती घाबरवलं ते तेव्हा कळलं आणि मला माझीच चीड आली.

या भीतीचं मूळ सगळ्यांना माहीत होतं. लातूरकडच्या त्या भूकंपात त्यांचं गाव गेलं. ते अकरा वर्षांचे होते. वडील आधीच वारलेले. गणपती बुडवून आल्यावर पोरं गावाच्या पारावरच झोपली, म्हणून हे वाचले. आई घरात होती, दगडमातीच्या माळवदाखाली. पुढे चुलत्यानं भोसरीला आणलं आणि लेथवर उभं केलं. एवढं सगळं ते दोन वाक्यांत सांगायचे आणि विषय बदलायचे.

असा माणूस आमच्या कंपनीत टिकला कसा, याचं मला नवल वाटे. कारण आमच्या भिंतीला लागून तापलं लोखंड ठोकायचा फोर्जिंगचा कारखाना होता आणि त्यांचा हॅमर दिवसभर ठोके घालायचा. प्रत्येक ठोक्याला माझं टेबल थरथरे आणि मी शेजाऱ्यांच्या नावानं बोटं मोडे. एका दुपारी तो हॅमर एकदम बंद पडला. मला तर हायसं वाटलं. बिराजदार माझ्या दारात चहा घेत उभे होते. ते कपासकट पळत बाहेर मैदानात गेले. मी मागोमाग गेले.

‘हलतंय तवर मला कळतंय, खाली जमीन हाय मनून,’ ते म्हणाले. ‘गप झालं की भ्या वाटतंय. त्या दिवशी बी आधी लई गप झालं व्हतं. कुत्री सुदिक गप.’

पाच मिनिटांनी ठोका पुन्हा सुरू झाला तेव्हा ते आत आले. त्यानंतर मी त्या हॅमरला कधी शिवी दिली नाही. उलट तो थांबला की मीच उठून दाराकडे जाऊ लागले.

राहायला ते काळेवाडीत, पत्र्याच्या खोलीत. परवडत नव्हतं म्हणून नव्हे. डोक्यावर स्लॅब नको म्हणून. ‘पत्रा पडला तर खोक पडंल, माणूस मरत नाई,’ हा त्यांचा हिशेब. बायको सुनीताला फ्लॅट हवा होता. तिच्या हट्टापायी एकदा मोशीला अकराव्या मजल्यावरचा नमुन्याचा फ्लॅट बघायला गेले. तिथल्या टाय लावलेल्या माणसाला यांनी विचारलं, ‘समजा, हा खांब नाई. मग?’ तो बिचारा म्हणाला, ‘सर, पण खांब आहे ना!’ सुनीतानं ही गोष्ट मला हसत हसत सांगितली. सांगता सांगता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. उन्हाळ्यात पत्र्याखाली काय होतं ते तिलाच ठाऊक.

मग कंपनीच्या वार्षिक तपासणीत बिराजदारांच्या हृदयाची झडप खराब निघाली. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, आणि उशीर झालाय म्हणून ऑपरेशनलाही धोका आहे. नाही केलं तर फार दिवस नाहीत. बिराजदार माझ्या खोलीत आले, दार लावलं, खुर्चीवर बसले. इतक्या वर्षांत ते माझ्यासमोर कधी बसले नव्हते.

‘समजा, मी नाई,’ ते म्हणाले. ‘मग?’

मी हातातला गिअर टेबलावर ठेवला.

‘वैष्णवी अकराची हाय, मॅडम. मी बी अकराचाच व्हतो.’

वैष्णवी ही त्यांची एकुलती एक मुलगी. सहावीत होती. मी कायकाय बोलले, आजकाल डॉक्टर हुशार असतात, अमक्याचं झालं, तमक्याचं झालं. ते मान हलवत राहिले. ऑपरेशनची तारीख मात्र घेईनात. टेबलावर मेलो तर त्याच दिवशी जाईन, नाही केलं तर निदान चार महिने पोरीसोबत मिळतील, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. आम्ही सगळ्यांनी समजावून पाहिलं. लांडे तर रागावून म्हणाले, ‘भित्र्या, येड लागलंय का तुला?’ पण भिणाऱ्याला भित्रा म्हणून काय उपयोग.

त्याच आठवड्यात वैष्णवीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. बाईंनी प्रत्येकाला एकेक ‘असं झालं तर’ लिहून आणायला सांगितलं होतं. हिच्या वाट्याला आलं: पृथ्वी एकाएकी नाहीशी झाली तर चंद्र कसा फिरेल? तिनं बापाला विचारलं, बापानं कॅन्टीनला विचारलं.

कॅन्टीनला शंका नव्हती. टर्नर लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. लेथच्या चकात, म्हणजे पकडीत, घट्ट धरलेला जॉब, म्हणजे लोखंडाचा तुकडा, गरगर फिरत असतो. चक सुटला की तो सरळ सुटतो आणि समोर जे येईल ते फोडतो. आमच्याकडे एकदा असाच जॉब खिडकीची काच फोडून बाहेरच्या स्कूटरवर पडला होता. लांड्यांनी निकाल दिला, ‘चंद्र म्हंजी जॉब, पृथ्वी म्हंजी चक. चक ग्येला की जॉब ग्येला. सरळ अंधारात. पुन्यांदा दिसायचा न्हाई.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. बिराजदारांनी डबा न उघडताच परत पिशवीत ठेवला.

दुपारी ते माझ्याकडे आले. ‘मॅडम, गणित करून सांगा. चंद्र सुटंल का?’

मला हसू येणार होतं, पण त्यांचा चेहरा पाहून मी कागद ओढला. खरं सांगायचं तर मला हुरूप आला. वीस वर्षांत कुणी मला गिअर सोडून काही विचारलं नव्हतं.

मी सांगितलं, लांडे चुकतात. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो तो सेकंदाला साधारण एक किलोमीटर वेगानं. पण पृथ्वीच्या सोबतीनं तो सूर्याभोवती धावतो तो सेकंदाला तीस किलोमीटर वेगानं. त्याचं खरं धावणं सूर्याभोवतीच आहे. उद्या पृथ्वी नाहीशी झाली तर त्या तिसात एकाचा काय तो फरक. चंद्र अंधारात उडून जाणार नाही, सूर्यात पडणारही नाही. जवळजवळ याच वाटेनं सूर्याभोवती फिरत राहील. अमावास्येला सुटला तर थोडा आतून, पौर्णिमेला सुटला तर थोडा बाहेरून. त्याचं वर्ष महिनाभरानं कमी किंवा जास्त होईल, इतकंच. ‘चक सूर्याचा आहे बिराजदार, पृथ्वीचा नाही,’ असं मी म्हटलं आणि स्वतःवरच खूश झाले.

मला वाटलं होतं, त्यांना धीर येईल. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

‘मंजे काईच व्हत नाई?’

‘फारसं नाही.’

त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. मग खाली मान घालूनच बोलू लागले.

‘त्या राती चंद्र व्हता, मॅडम. चतुर्दशीचा. सगळं गाव पडलं, धुरळा बसला, आन वर चंद्र हाय तसाच. त्याच्याच उजेडात आमचं घर दिसलं मला. माय आत. सकाळी बाजूच्या गावातनं ट्रॅक्टरवर खिचडी आली. मी रांगेत उभा राह्यलो. दोनदा घेतली. मायला अजून काढलं नव्हतं, मॅडम, आन मी दोनदा घेतली. भूक लागली व्हती मला.’

मी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

‘लोक मनत व्हते, पोरगं उघडं पडलं, आता कसं व्हईल. काईच झालं नाई मला. जेवलो, शाळेत गेलो, हितं आलो, लगीन केलं. वैष्णवी बी जेवंल. दोनदा घेईल.’ मग माझ्याकडे पाहिलं. ‘ती सुटून जाईल मनून भ्या वाटत व्हतं. आता नाई जाणार मनून वाटलालंय. माणसानं कुठलं भ्या धरावं?’

मी चंद्राविषयी आणखी एक गोष्ट सांगितली. विज्ञान म्हणून नव्हे, त्यांच्याकडे बघवेना म्हणून. चंद्र आपलं एकच तोंड कायम पृथ्वीकडे ठेवतो, कारण एक फेरी मारता मारता तो स्वतःभोवतीही एकदा फिरतो. पृथ्वी गेली तरी ते स्वतःभोवती फिरणं तसंच चालू राहील, त्याच गतीनं. थांबवायला कोणी नाही. म्हणजे पृथ्वी असती तर ज्या बाजूला असती, त्या बाजूला तो तोंड वळवत राहील.

‘कुणी नसताना?’

‘कुणी नसताना.’

‘किती दिवस?’

‘आपल्या हिशेबानं कायमचंच.’

त्यांनी कागदाची घडी केली आणि शिट्टीच्या खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनची तारीख घेतली. मला वाटलं, माझ्या गणितानं काम केलं. गणितानं काय केलं होतं ते पंधरा दिवसांनी कळलं.

ऑपरेशनला तीन आठवडे होते आणि तोवर पोरगी तयार व्हावी म्हणून बिराजदारांनी घरी ड्रिल सुरू केलं होतं. ‘समजा, पप्पा नाईत’ म्हणायचं आणि पोरीनं करून दाखवायचं. गॅस बंद करायचा. डॉक्टरांचा नंबर तोंडपाठ म्हणायचा. आईला चक्कर आली तर कुणाला हाक मारायची. सुनीता वैतागली होती, पण आजारी माणसाला किती बोलणार.

गुरुवारी आमच्याकडे सुट्टी. त्या गुरुवारी शाळेलाही सुट्टी होती. भर दुपारी त्यांचा मला फोन आला. आवाज ओळखू येईना. ‘मॅडम, निगडीच्या बस टर्मिनसवर या. पोरगी गेली.’

माझं घर जवळच. दहा मिनिटांत स्कूटरवरून पोचले. बिराजदार फलाटाच्या कडेला बसले होते, अंग घामानं भिजलेलं, तोंडात शिट्टी. मधूनच ती वाजवत होते. आजूबाजूचे लोक बघत होते. त्यांनी गर्दीत मुद्दाम पोरीचा हात सोडला होता आणि रसवंतीच्या आड उभे राहिले होते. ती काय करते ते बघायचं होतं. तेवढ्यात मधे एक बस आली. बस गेली तेव्हा वैष्णवी तिथे नव्हती.

मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नाही. मला स्वतःला दोन मुली आहेत. मी प्रत्येक फलाटावर धावले, उभ्या बसमध्ये चढून सीटखालीसुद्धा पाहिलं, बायकांच्या मुतारीत जाऊन हाका मारल्या. कंट्रोलच्या खिडकीवरच्या माणसानं पोरीच्या फ्रॉकचा रंग विचारला तर बिराजदारांना सांगता येईना. मनात नको नको ते येत होतं. आणि या सगळ्यात तो माणूस छातीवर हात दाबून बसलेला. तो इथेच गेला तर मी कुणाला काय सांगू?

अर्ध्या तासानं सुनीताचा फोन आला. पोरगी घरी पोचली होती.

स्कूटर तिथेच ठेवून आम्ही रिक्षानं काळेवाडीला गेलो. वैष्णवी मांडी घालून वही लिहीत होती. शेजारी जेवलेलं ताट. बाप दिसेना म्हणून तिनं कंडक्टरला विचारलं, काळेवाडीची बस धरली, एका बाईंच्या शेजारी बसली आणि आली. तुम्हीच शिकवलं होतं ना, म्हणाली.

बिराजदार उंबऱ्यातच उभे होते. ‘रडलीस का गं?’

‘नाही.’

‘भ्या वाटलं?’

‘नाही, पप्पा.’

सुनीताचा आवाज चढला. ‘लेकराला असं सोडतात व्हय? कंपनीतली शिट्टी कंपनीत वाजवा!’ बिराजदारांनी काही ऐकलं नाही. त्यांची नजर त्या ताटावर होती. मग ते खोलीमागे गेले आणि पाण्याच्या टाकीला धरून ओकले. ड्रिल नमुनेदार पार पडलं होतं. मला माझ्या गणिताची लाज वाटली.

दिवाळीच्या तोंडावर ठरलेल्या त्या ऑपरेशनच्या सकाळी आम्ही चौघं होतो: सुनीता, वैष्णवी, लांडे आणि मी. लांडे सारखे नाक शिंकरत होते आणि एसीला दोष देत होते. बिराजदारांना हिरवा झगा घालून ट्रॉलीवर निजवलं होतं. ते कुणाशी बोलत नव्हते. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी वॉर्डबॉय म्हणाला, नातेवाइकांनी इथेच थांबायचं. तेव्हा त्यांनी पोरीला जवळ बोलावलं.

‘वैष्णवी, भ्या वाटलालंय का?’

ती ताठ उभी राहिली. ‘नाही’ म्हणण्यासाठी तिनं तोंड उघडलेलं मी पाहिलं. मग तिनं आईकडे बघितलं आणि तिचा चेहराच रडवेला झाला.

‘हो,’ ती म्हणाली. ‘खूप भीती वाटतीये. निगडीला पण वाटलेली. मी खोटं बोलले, पप्पा. बसमध्ये मी सगळा वेळ रडत होते. चौकातल्या नळावर तोंड धुतलं आणि मग घरी गेले. आईनं वाढलं ते खाल्लं, पण मला ते गिळवत नव्हतं.’

बिराजदारांनी तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की तिला दुखलं असणार.

‘मला बी,’ ते म्हणाले. ‘मला बी लई वाटलालंय, बाळा.’

दोघंही मोठ्यानं रडत होती, आणि बिराजदारांनी तोंड लपवलं नाही. वॉर्डबॉयनं थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यानं त्यांची बोटं पोरीच्या मनगटावरून एकेक करून सोडवली आणि ट्रॉली आत नेली.